ट्रॅक्टरवरची वीज

जालिंदर ओव्हाळ परळीच्या थर्मल वीज केंद्रातून निवृत्त होऊन धामणखडीला राहायला आला, तेव्हा गावात दिवसाचे दहा-दहा तास लाईट नसायची. एकतीस वर्षं त्यानं कंट्रोल रूममध्ये काट्यांकडं बघत काढली होती. संच किती मेगावॅटवर चाललाय, फ्रिक्वेन्सी पन्नासच्या खाली घसरत नाही ना, हे बघणं म्हणजे त्याची नोकरी. आता स्वतःच्या घरात ट्यूब कधी पेटेल याची तो वाट बघत बसायचा. नांदूरघाटच्या बाजारात गेला की ओळखीची माणसं हटकायची, "काय ओव्हाळ, परळीची लाईट परळीतच ठिवून आलाव व्हय?"

तो हसून पुढं जायचा. त्याला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. नोकरीच्या शेवटच्या काळात एकदा पाणी नाही म्हणून संच थांबवावे लागले होते. त्या दिवशी टर्बाइन हॉलमध्ये एवढी शांतता झाली, की शेजारी उभा असलेला सहकारी सवयीनं ओरडून बोलला आणि आपल्याच आवाजानं दचकला. जालिंदर गावी आल्यावर दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच झालं. पाऊस नाही, धरणात पाणी नाही, म्हणून थर्मल बंद. गावातली लाईट काही एकट्या परळीवर चालत नव्हती, पण लोकांच्या लेखी जालिंदर म्हणजेच थर्मल. त्यामुळं त्या उन्हाळ्यात जाब द्यायला तोच सापडायचा.

जाब द्यायचं त्याला काही वाटत नव्हतं. त्याचा जीव अडकला होता घरातल्या मशीनमध्ये. त्याची बायको विमलबाई हिची फुफ्फुसं गेल्या चार वर्षांत निकामी होत चालली होती. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की दिवसातले सोळा तास तरी नाकाला नळी लागली पाहिजे. पुण्याला असलेल्या लेकीनं हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन घेऊन दिलं. छोट्या कपाटाएवढं, खाली चाकं, आणि सारखा श्वास टाकल्यासारखा आवाज. ते चालू असलं की विमलबाई भाकऱ्या थापायची, भांडायची, शेजारणीला हाका मारायची. ते बंद पडलं की ती खाटेवर बसून दोन्ही तळहात गुडघ्यावर टेकवायची आणि बोलणं बंद करायची.

लेक म्हणाली, दोघंही पुण्याला या. विमलबाईनं एका वाक्यात मोडता घातला. "तिथं कोंडून घालायपरास हितं दम लागला तरी चालंल."

मग जालिंदरनं इन्व्हर्टर आणला. वीज हे आपलं शास्त्र, यात आपण कुणाला विचारायचं नाही, अशी त्याची धारणा होती. पण इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या भरायला आधी लाईट लागते. ती यायची तेव्हा एवढी मंद असायची, की पंख्याची पाती मोजता यायची. बॅटऱ्या अर्ध्याही भरत नसत. तासा-दीड तासात इन्व्हर्टर टीं टीं करायला लागायचा.

त्यावर त्यानं पेट्रोलवरचा लहान जनरेटर घेतला. तो पेटीएवढा. पंधरा दिवस बरा चालला. मशीनला लागते ती चारशे वॅट वीज त्याला काही जड नव्हती. पण हा जनरेटर लग्नातल्या दोन तासांच्या रोषणाईसाठी केलेला, आणि जालिंदर त्याला सहा-सहा तास पळवायचा. त्यात त्या सालची धूळ. चैत्रात एका दुपारी तो फटफट करत बंद पडला तो पडलाच. विमलबाईचे ओठ काळेनिळे व्हायला लागले. घरात ऑक्सिजनचं एक लहान सिलिंडर ठेवलेलं होतं. ते लावून जालिंदरनं जीप बोलावली आणि तिला नांदूरघाटच्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळी परत येताना ती त्याच्या खांद्याला टेकून म्हणाली, "तुमच्या हिशोबात कायतरी राहतंय बगा."

तिला नेमकं काय म्हणायचं होतं ते त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर तिलाही सांगता आलं नसतं.

त्याच आठवड्यात तो बीडला गेला. त्याच्या मनात ट्रॅक्टरवर चालणारा जनरेटर होता. मळणी यंत्र जसं ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, पीटीओवर, जोडतात, तसाच हाही जोडायचा. याला स्वतःचं इंजिन नसतं. बिघाडाची निम्मी कारणं तिथंच संपतात. ट्रॅक्टरचं इंजिन उन्हातान्हात दहा तास नांगर ओढायला केलेलं असतं, आणि ते बिघडलं तर गावातला माणूस दुरुस्त करतो. बीडला धाडावं लागत नाही. जालिंदरनं दुकानात मशीनभोवती दोन फेऱ्या मारल्या, पाटी वाचली, गिअरबॉक्सच्या तेलाचा वास घेतला.

दुकानदारानं विचारलं, "ट्रॅक्टर किती हॉर्सपॉवरचा हाय तुमचा?"

"पस्तीसचा."

"मग पंधरा केव्हीए घ्या. त्याच्यावर जाऊ नका, इंजिन बसंल." दुकानदार माहीतगार होता. "घरची मेन पाडायची, अन् हे बोर्डात सोडायचं. झालं काम."

"चेंजओव्हर स्विच पाहिजे," जालिंदर म्हणाला.

"कशाला वाढीव कुटाणा? मेन आठवणीनं पाडली म्हंजे झालं."

"आठवणीवर न्हाई सोडायचं."

त्याच्या डोळ्यापुढं बंकट उभा राहिला होता. बंकट हा परळीच्या कॉलनीतला लाईनमन, जालिंदरच्या शेजारच्याच क्वार्टरमध्ये राहायचा. एकदा वादळात लाईन बंद होती म्हणून तो खांबावर चढला. दोन गल्ल्या पलीकडं एका घरात जनरेटर चालू होता आणि त्या घरची मेन पाडायची राहिली होती. घरातली वीज उलटी तारेवर चढली, डीपीच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटी जाताना कैक पटींनी वाढली. बंकटला खाली उतरवायला जालिंदरच गेला होता. चेंजओव्हर स्विचची दांडी एका वेळी एकाच बाजूला जाते, लाईनच्या नाहीतर जनरेटरच्या. माणूस विसरला तरी ती विसरत नाही. दुकानदारानं स्विच काढून बाजूला ठेवला, तेव्हा कुठं जालिंदर "दोन दिवसांत सांगतो" म्हणून बाहेर पडला.

दोन दिवस मागायचं कारण असं, की पस्तीसचा ट्रॅक्टर त्याचा नव्हताच.

तो होता सोसायटीचा. जालिंदरच्या वडिलांनी पन्नासेक वर्षांमागं सोळा बौद्ध घरं एकत्र करून समता संयुक्त शेती सोसायटी काढली होती. गायरानातली दगडाधोंड्याची जमीन मिळवून ती सगळ्यांनी मिळून नांगरली. जालिंदरला परळीत नोकरी लागली तेव्हा वडील म्हणाले होते, नाव तरी राहू दे तुझं. पण सत्ताविसाव्या वर्षी त्याला सोळा घरांच्या बैठका, भांडणं, सह्या, यातलं काहीच नको होतं. "ह्याच्यात माझं नाव गुतवू नका," असं तो सरळ बोलला होता. वडलांनी पुन्हा विषय काढला नाही. थोरला भाऊ गावात राहिला, सोसायटीत राबला आणि अकाली गेला. आता त्याची बायको चतुराबाई सोसायटीची चेअरमन होती. ट्रॅक्टर तिच्याच कारकिर्दीत आला होता. दुष्काळानं नांगरट नव्हती, म्हणून तो पाण्याचा टँकर ओढायचा, आणि चालवायला होता चतुराबाईंचा भाचा सिदू.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहारात बैठक बसली. जालिंदर भिंतीकडेला बसला. मग उभं राहून त्यानं नीट मांडणी केली. पीटीओचे फेरे, केव्हीए, चेंजओव्हर, सगळं. जनरेटर मी घेतो, सोसायटीनं लाईट जाईल तेव्हा ट्रॅक्टर माझ्या दारात लावायचा, डिझेल माझं. कंट्रोल रूममध्ये साहेबांपुढं बोलायचा तसा तो बोलला. माणसं ऐकत होती. काहींना समजत होतं, काही पायाच्या अंगठ्याकडं बघत होती.

चतुराबाई शेवटी बोलल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, हीच जालिंदरला जास्त लागणारी गोष्ट होती.

"भाऊजी, विमलसाठी कुनी न्हाई म्हननार न्हाई. पर येक सांगा. लाईट जाईल त्या येळंला ट्रॅक्टर कुठं असंल?"

जालिंदरनं दारातून बाहेर नजर टाकली, ट्रॅक्टर कुठं दिसेना.

"सिदू सकाळी टँकर घिऊन जातो ते पार दहा-बारा किलोमीटरवरच्या हिरीवर. तिथं नंबर लागतो. लाईट काय आमाला सांगून जाती? तुमी फोन करनार, त्यो टँकर अर्धा भरलेला सोडून येनार, अन् इकडं सोळा घरांच्या घागरी पालथ्या. दोन दिवस येईल. तिसऱ्या दिवशी मानसं कुरकुर करतील, अन् त्यास्नी कोन्त्या तोंडानं गप करू?"

त्यानं सगळं मोजलं होतं. वॅट मोजले, फेरे मोजले. ट्रॅक्टर कुठं असेल हे मोजलं नव्हतं.

घरी आल्यावर तो ओट्यावर बसून राहिला. विमलबाईची नळी लागलेली होती, लाईट नुकतीच आली होती. तिनं आतूनच विचारलं, काय झालं. त्यानं सांगितलं.

"बरोबर बोलल्या वैनी," ती म्हणाली. "अन् मी म्हंते, माझं मशीन दोन-चार पंख्यायेवढंच खातं म्हन्ता ना? मग येवढा मोठा ट्रॅक्टर माझ्या येकटीच्या नाकासाठी घरघरत उभा कशाला करायचा? मला तर शरमच वाटंल."

जालिंदरला थर्मलचे दिवस आठवले. थर्मलमध्ये नवीन आलेल्या पोरांना तो स्वतःच शिकवायचा, की मोठा संच कमी लोडवर चालवू नये. कोळसा जळतो, मशीन झिजतं आणि पदरात काही पडत नाही. पस्तीस हॉर्सपॉवरच्या इंजिनावर चारशे वॅटचं मशीन, हे तेच तर होतं. ट्रॅक्टर बरोबर होता, लोड कमी होता.

त्यानं जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं आणि पाठीमागं लिहायला बसला. गावात लाईटवाचून काय काय अडलंय? सोसायटीच्या बोअरला अजून थोडं पाणी होतं, पण मोटार चालवायला वीज नव्हती. बायका घागरी घेऊन लाईटची वाट बघत बसायच्या. म्हाळूची पिठाची गिरणी बंद पडल्यासारखीच होती. लोक दळण डोक्यावर घेऊन नांदूरघाटला जायचे. आणि विमलबाईचं मशीन. तिन्ही एकत्र धरली तर ट्रॅक्टरला पुरेसं काम होतं. पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, बोअरला आणि गिरणीला वीज दिवसभर लागत नव्हती. सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन तास, ठरलेल्या वेळी मिळाली तरी भागत होतं. तेवढ्या वेळात मोठा चार्जर लावून इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या तुडुंब भरल्या, तर मधला वेळ विमलबाईचं मशीन त्यावर निघत होतं. लाईट येवो न येवो. ट्रॅक्टरला कुणी बोलवायचं नव्हतं. तो वेळेला तिथं असणार होता, आणि नऊ ते पाच टँकरला मोकळा.

ते पान घेऊन तो आधी म्हाळूकडं गेला. म्हाळू धनगर, जालिंदरच्याच वयाचा. लहानपणी दोघं एका ओढ्यात पोहलेले. चारा संपला म्हणून त्यानं दोन वर्षांत निम्मी मेंढरं काढली होती आणि उरलेली लेकाबरोबर नदीकाठच्या मुलखात धाडली होती. घर चालत होतं ते गिरणीवर, आणि गिरणी चालत नव्हती.

"माझी मोटार हाय साडेसातची," म्हाळू म्हणाला. "चालू व्हताना लई जोर खाती. तुझं ते खेळणं उचलंल का बे?"

"आधी बोअर बंद ठिवायचा, गिरणी उचलायची, मग बोअर चालू करायचा. दोन्ही येकदम न्हाई."

म्हाळूनं पान उलटसुलट बघितलं. त्याला त्यातलं काही वाचता येत नव्हतं. "अन् डिझेल?"

"ज्याचं त्यानं. तू गिरणीपुरतं, सोसायटी बोअरापुरतं, मी माझ्यापुरतं."

"मग आन की," म्हाळू म्हणाला. "वाट कुनाची बघतोस?"

सोसायटीनं दुसऱ्या बैठकीत होकार दिला. फक्त एका गोष्टीवर चतुराबाई अडून बसल्या. जनरेटर जालिंदरच्या दारात बसणार नाही, बोअरपाशी, गिरणीच्या बाजूला बसेल. जालिंदरला ते रुचलं नाही. वस्तू आपण घ्यायची, आजारी माणूस आपल्या घरात, आणि मशीन दोनशे मीटरवर? तारेत वीज गळते, घरापर्यंत पोचेपर्यंत जोर कमी होतो, हे त्यानं समजावून सांगितलं.

"मग तार जाड घ्या," चतुराबाई म्हणाल्या. "तुमच्या दारात बसलं तर त्ये तुमचं व्हईल. मानसं मागायला येतील, अन् मागायला लागलं की ती येनंच बंद करतील. हितं बसलं तर ती आपलं म्हनून येतील."

एकतीस वर्षांच्या नोकरीत त्याला असं कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं जाड तार घेतली.

वैशाखाच्या पहिल्या आठवड्यात मशीन बसलं. खाली सिमेंटचा चौथरा, वर पत्र्याचं छप्पर, खांबाला चेंजओव्हर स्विच. फिरत्या दांड्यावर लोखंडी झाकण घातल्याशिवाय जालिंदरनं ट्रॅक्टर जोडू दिला नाही. लुगड्याचा पदर, धोतराचा सोगा, काहीही त्यात गुतू शकतं. सिदूला ही सगळी कटकट वाटत होती. त्यानं ट्रॅक्टर लावला आणि सवयीनं ॲक्सिलरेटर जोरात ओढला. बल्ब भपकन पांढरेफेक झाले.

"खाली घे! खाली!" जालिंदर ओरडला. "ह्यो नांगर न्हाई सिदू. आवाजावर जायचं न्हाई, काट्यावर जायचं. ह्यो काटा पन्नासवर पाहिजे. लोड आला की खाली बसंल, तवा हळूच चढवायचा. लोड गेला की उतरवायचा."

त्यानं सिदूचा हात धरून दांडी हळूहळू मागंपुढं केली. काटा एकावन्न, साडेपन्नास, पन्नास. तिथं थांबला. म्हाळूनं गिरणी टाकली. काटा दबला, ट्रॅक्टरनं दीर्घ हुंकार दिला, काळा धूर सोडला आणि सावरला. जालिंदर मान वाकडी करून आवाज ऐकत होता. किती वर्षांनी त्याच्या पायाखालची जमीन त्या ओळखीच्या तालात थरथरत होती. मग तो घराकडं निघाला, आणि ओट्यावर चढायच्या आधीच त्याला खिडकीतून मशीनचा श्वास ऐकू आला.

लवकरच कसोटी लागली. गावची डीपी जळाली आणि नवीन यायला अकरा दिवस लागले. आसपासच्या वाड्या अंधारात होत्या. धामणखडीत सकाळ-संध्याकाळ गिरणी चालत होती, बोअरच्या नळाला पाणी होतं आणि विमलबाईची नळी एकदाही रिकामी झाली नाही. वरच्या आळीची माणसंही दळण घेऊन यायला लागली होती. सुरुवातीला लांब उभी राहायची, मग ओळीत बसायला लागली.

नवव्या दिवशी संध्याकाळचे पाच वाजून गेले तरी ट्रॅक्टर आला नाही. सिदूचा फोन आला. टँकर भरून येताना मागच्या चाकाचा टायर फुटला होता, दीड-दोन तास तरी लागणार. गिरणीपाशी पंधरा-वीस बायका बसलेल्या. जालिंदर घरी पळाला. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या संपत आल्या होत्या, लहान सिलिंडर अर्धंच होतं. विमलबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि तळहात गुडघ्यावर ठेवले.

"भिऊ नका," ती म्हणाली. धीर त्यानं द्यायचा होता, आणि देत ती होती.

तो परत चौथऱ्याकडं आला तेव्हा चतुराबाई तिथं नव्हत्या. कुणीतरी म्हणालं, वरच्या आळीला गेल्या. सात वाजायच्या आत ढणढण आवाज करत एक जुना लाल ट्रॅक्टर आला. तो आबासाहेब चालवत होते. आबासाहेब म्हणजे वरच्या आळीतले मोठे शेतकरी. गायरानाच्या जमिनीवरून त्यांच्या वडलांनी जालिंदरच्या वडलांना कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवायला लावल्या होत्या. चतुराबाई मडगार्डवर बसून आल्या होत्या. त्या उतरल्या आणि पदर खोचून बाजूला झाल्या.

"कुठं लावायचा?" आबासाहेबांनी विचारलं.

जालिंदरनं दाखवलं. दोघांनी वाकून दांडा जोडला. तो नीट बसेना, तेव्हा आबासाहेबांनीच ग्रीस लावून रेटला. हात काळे झाले. जालिंदरनं काटा पन्नासवर आणला. नंतर तो म्हणाला, "लई उपकार झाले, आबासाहेब."

"कसले उपकार," आबासाहेब हात पुसत म्हणाले. "आमचं दळण दुपारधरनं हितं पडलंय. घरी भाकर न्हाई." आणि गिरणीकडं बघत त्यांनी विचारलं, "तुमच्या घरच्या कशा हायती?"

"आता बऱ्या असतील," जालिंदर म्हणाला.

त्या उन्हाळ्यानंतर पाऊस झाला. लाईटही थोडी सुधारली, पण सकाळी ट्रॅक्टर लावायचा शिरस्ता कुणी मोडला नाही. जालिंदरनं सोसायटीकडं सभासदत्वाचा अर्ज दिला. कागदावर वडलांचं नाव लिहिताना तो बराच वेळ थांबला होता. चतुराबाईंनी अर्ज वाचून घेतला आणि सही करताना म्हणाल्या, "बैठकीला येळेवर येत जावा मात्र."

विमलबाई आणखी दीड वर्ष जगली. ती गेली तेव्हा लाईट होती, बॅटऱ्या भरलेल्या होत्या आणि मशीन चालू होतं. विजेचा त्यात काही दोष नव्हता. जालिंदरनं स्वतः जाऊन मशीन बंद केलं, आणि घरात पसरलेली शांतता त्याला सहन होईना म्हणून तो ओट्यावर येऊन बसला. सिदू आला, म्हाळू आला, वरच्या आळीची माणसं आली. चतुराबाई सात दिवस त्याच्या घरी राहिल्या.

लेक त्याला न्यायला आली होती. बॅग भरायला घेत म्हणाली, "आता काय राहिलंय दादा हितं? चला माझ्याकडं."

त्यालाही क्षणभर वाटलं, जावं. पुण्यात लाईट जात नाही. त्यानं सगळं घर एकदा बघून घेतलं.

"दिवाळीला येतो की चार दिवस," तो म्हणाला. "सिदूचा हात अजून जड हाय, पोरी. सकाळी मला मशीनवर जावं लागतं."